उभं राहायची जागा: क्रेव्हन कॉटेजला गेलात तर काय पाहाल

लंडनमध्ये पुटनी ब्रिज स्टेशनाबाहेर आलं की स्टेडियम कुठेच दिसत नाही. उंच मनोरे नाहीत, वाहनतळ नाही, मोठ्या कमानी नाहीत. फक्त पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचे मफलर घातलेली माणसं एका दिशेने चाललेली असतात. आपण त्यांच्यामागे चालायचं. बिशप्स पार्क लागतं, डाव्या हाताला थेम्स, उजवीकडे झाडांमागे फुलम पॅलेस, जिथे लंडनचे बिशप शतकानुशतकं राहत. बाग संपली की एक साधी गल्ली येते. एका बाजूला खिडकीत फुलांच्या कुंड्या ठेवलेली दुमजली घरं आणि दुसऱ्या बाजूला लाल विटांची लांबच लांब भिंत. ती भिंत म्हणजेच स्टेडियम. क्रेव्हन कॉटेज, फुलम क्लबचं मैदान. (लिहिताना त्या नावात 'हॅ' येतो, पण तिथली माणसं 'फुलम' म्हणतात.)

माझ्यासोबत काका होते. बांधकाम खात्यात पस्तीस वर्षं काढलेले, आता निवृत्त. फुटबॉलचा त्यांचा संबंध वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानापुरता. भिंतीजवळ गेल्यावर त्यांनी विटेवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "अगं, खेळ तू बघ. मी हे बघतो." त्या दुपारी त्यांच्यामुळे मला एक गोष्ट नीट उमजली. इंग्लंडमधलं जुनं मैदान पाहायला गेलात तर हिरवळीइतकंच लक्ष पायऱ्या, खांब, लोखंडी कठडे आणि दारांकडे द्या. हजारो माणसांना एका जागी सुखरूप उभं कसं करायचं हे त्या देशाला ठाऊक नव्हतं. तो ते चुकत, माणसं गमावत शिकला. कुठे चुकला आणि काय शिकला, याच्या खुणा या मैदानांवर आहेत.

आधी नावाचं. क्रेव्हन नावाच्या सरदार घराण्यातल्या एका उमरावाने १७८०मध्ये नदीकाठच्या या जागेवर बंगलीवजा घर बांधलं होतं. १८८८मध्ये ते जळालं, मागे झाडीझुडपं वाढली. फुलम क्लब १८७९मध्ये एका चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या पोरांनी सुरू केलेला. भाड्याच्या, उसन्या मैदानांवर खेळून झाल्यावर क्लबने ही रानटी जागा घेतली, साफ केली आणि १८९६पासून तिथे सामने सुरू केले. आज मैदानाच्या कोपऱ्यात जी छोटी, गॅलरी असलेली टुमदार वास्तू दिसते आणि जिला सगळे 'कॉटेज' म्हणतात, ती ते जळालेलं घर नव्हे. ती १९०५मधली, खेळाडूंच्या कपडे बदलण्याच्या खोल्यांसाठी बांधलेली. बहुतेक मैदानांवर खेळाडू मध्यरेषेजवळच्या बोगद्यातून बाहेर येतात. इथे ते कोपऱ्यातल्या या घराच्या दारातून, तिरके चालत हिरवळीवर येतात. वरच्या गॅलरीत त्यांच्या घरची माणसं बसलेली असतात. मला हे दृश्य फार आवडतं. सणाला पाहुणे जमलेल्या घरातून पोरं अंगणात खेळायला उतरावीत, तसं ते वाटतं.

मैदान घरांच्या इतक्या अंगाला अंग लावून का, हा प्रश्न पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला पडतो. उत्तर कामगारांच्या सुट्टीत आहे. १८५०च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांमधलं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवलं. हळूहळू बाकीच्या उद्योगांतही शनिवारची अर्धी सुट्टी रुळली. कामावरून सुटलेला माणूस पायी किंवा ट्रामने जिथे पोहोचेल तिथेच सामना भरवायला हवा. म्हणून क्लबांनी वस्तीच्या कडेच्या स्वस्त जागा घेतल्या आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत वस्तीने त्या जागांना चारही बाजूंनी वेढलं. शनिवारी दुपारी तीन ही सामन्याची वेळही त्याच सुट्टीतून आली. आजही ब्रिटनमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचा सामना टीव्हीवर थेट दाखवत नाहीत, लोकांनी मैदानावर यावं म्हणून. मुंबईत बसून तीनचा सामना थेट पाहता येतो आणि लंडनमध्ये येत नाही, ते यामुळे.

आता लाल भिंतीकडे येऊ. ती ज्याने उभारली त्याचं नाव आर्चिबाल्ड लीच. १८६५मध्ये ग्लासगोत जन्मलेला अभियंता. कारखान्यांचं बांधकाम हा त्याचा मूळ धंदा आणि त्याच्या स्टँडमध्येही कारखान्याची शिस्त दिसते: पोलादी सांगाडा, विटांची दर्शनी भिंत, अनावश्यक काही नाही. ओल्ड ट्रॅफर्ड, अ‍ॅनफिल्ड, गुडिसन पार्क, व्हिला पार्क, स्टॅमफर्ड ब्रिज या सगळ्या ठिकाणी त्याचा हात लागलेला आहे. पण इथवर येण्याआधी त्याच्या आयुष्यात एक भयंकर दिवस येऊन गेला होता.

५ एप्रिल १९०२. ग्लासगोतलं आयब्रॉक्स मैदान, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. तिथली प्रेक्षकांची उतरंड लीचने आखलेली होती. पोलादी चौकटीवर लाकडी फळ्या ठोकून उंचच उंच पायऱ्या केल्या होत्या. सामना सुरू असताना मागच्या फळ्या तुटल्या, मोठं भगदाड पडलं आणि माणसं सुमारे १२ मीटर खाली कोसळली. २५ जण गेले, पाचशेहून जास्त जखमी झाले. लाकूड कुठल्या दर्जाचं होतं यावर पुढे खटला चालला, त्यात कंत्राटदार निर्दोष सुटला. आणि आयब्रॉक्स ज्यांचं, त्या रेंजर्स क्लबने मैदान सुधारायचं काम पुन्हा लीचलाच दिलं.

हे सांगितल्यावर काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ज्याच्या हातून पडलं तो पुढे आयुष्यभर दोनदा मोजतो." लीचने काय केलं ते पाहिलं की त्यांचं म्हणणं पटतं. उंच लाकडी मचाणं मागे पडली आणि भरावाच्या मातीवर पायऱ्या बसवायची पद्धत रूढ झाली, म्हणजे खाली कोसळायला पोकळीच उरली नाही. शिवाय पायऱ्यांवर मध्येमध्ये बसवायच्या लोखंडी कठड्यांचा त्याने स्वतःचा नमुना तयार केला, त्याचं पेटंट घेतलं.

हे कठडे कशासाठी, ते समजून घेण्यासारखं आहे. त्याआधी एक शब्द. आपल्याकडे टेरेस म्हणजे गच्ची. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये टेरेस म्हणजे उभं राहून सामना पाहायच्या उघड्या पायऱ्या. आणि गंमत अशी की 'स्टँड' म्हणतात तिथे माणसं बसतात. स्टँडचं तिकीट महाग, टेरेसचं स्वस्त. म्हणून कामकरी माणसांचं मैदान म्हणजे टेरेस.

उभ्या गर्दीत माणूस पायाखाली तुडवून मरतो असा आपला समज असतो. पुष्कळदा तो उभ्या-उभ्याच मरतो. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असली तर प्रत्येकाला आपला तोल सांभाळता येतो. सहा-सातच्या पुढे गेली की शरीरं एकमेकांना चिकटतात आणि गर्दी पाण्यासारखी वागायला लागते. मागच्या एकाने पुढे रेटलं की तो रेटा माणसामागून माणसात जात वाढतो आणि सगळ्यात पुढच्याच्या छातीवर येऊन थांबतो. छाती फुगायला जागा उरत नाही, श्वास अडतो. मागे उभा असलेल्याला यातलं काहीच दिसत नाही. त्यात टेरेसला उतार असतो, म्हणजे रेट्याला उतरणीचीही साथ. आता उतारावर ठरावीक अंतराने कमरेएवढे लोखंडी कठडे रोवले की वरून येणारा रेटा प्रत्येक कठड्यावर तुटतो. डोंगरउतारावर शेतकरी बांध घालतो, पाणी टप्प्याटप्प्याने अडवतो, तसंच. सगळे कठडे एका ओळीत, मधली फट सरळ खालपर्यंत गेली तर उपयोग नाही, त्या फटीतून रेटा वाहतच राहतो. म्हणून ते आलटून-पालटून बसवायचे.

काकांना प्रभादेवी आठवलं. २९ सप्टेंबर २०१७, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा अरुंद जिना, पाऊस, वरून येणारी आणि खाली अडकलेली माणसं. "जिना तोच, माणसं वाढली," एवढंच म्हणाले. मला पुढे काही बोलता आलं नाही.

फुलमकडे लीच आला तोही सुरक्षिततेच्या प्रश्नामुळेच. इथे आधी एक वेडंवाकडं स्टँड होतं, लोक त्याला 'सशांचं खुराडं' म्हणत. लंडन काउंटी कौन्सिलला मैदान धोकादायक वाटलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि १९०५मध्ये क्लबला लीचला बोलवावं लागलं. त्याने स्टीव्हनेज रोडवरचं, म्हणजे त्या लाल भिंतीमागचं स्टँड आणि कोपऱ्यातलं कॉटेज असं दोन्ही बांधलं. खर्च आला १५,००० पौंड. त्याच वर्षी तो थोड्या अंतरावर चेल्सीचं स्टॅमफर्ड ब्रिजही उभं करत होता. स्टॅमफर्ड ब्रिजमध्ये आज त्याचं स्टँड उरलेलं नाही. इथलं आहे. त्यावर अजून जुन्या लाकडी खुर्च्या आहेत, बसलं की करकरतात. छताला आधार देणारे खांब डोळ्यांसमोर येतात. त्या काळात खांबांशिवाय एवढं छप्पर पेलायची सोय नव्हती. पुढे मागच्या बाजूने तोललेली, खांबविरहित छपरं आली. तिकीट घेताना 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' असं लिहिलेलं दिसलं तर समोर खांब येणार असं समजा. मी तर म्हणते, एकदा तरी तिथेच बसा. मान तिरकी करून गोल पाहण्यात एकशे वीस वर्षांची सवय आहे.

हे स्टँड आता जॉनी हेन्सच्या नावाने ओळखलं जातं आणि त्याचा पुतळा बाहेर रस्त्यावरच उभा आहे. हेन्स इंग्लंडचा कर्णधार, इंग्लंडमधली उभी कारकीर्द फुलमसाठीच खेळला. पण त्याचं नाव इतिहासात आणखी एका कारणाने आहे. १९६१पर्यंत इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूच्या पगारावर मर्यादा होती, आठवड्याला जास्तीत जास्त २० पौंड. ती उठवण्यासाठी खेळाडूंच्या संघटनेने लढा दिला आणि संघटनेचा अध्यक्ष होता फुलमचाच खेळाडू, जिमी हिल. मर्यादा उठल्यावर फुलमचे अध्यक्ष टॉमी ट्रिंडर, जे पेशाने विनोदी नट होते, त्यांनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड दिले. असा पगार मिळालेला तो पहिला. आजच्या कोट्यवधींच्या करारांचा उगम या शांत गल्लीत आहे.

या मैदानावरच्या गर्दीचा उच्चांक आहे ४९,३३५. ८ ऑक्टोबर १९३८, समोर मिलवॉल. आज इथे तीस हजारांच्या आतच माणसं मावतात, तीही नदीकडचं स्टँड नव्याने मोठं केल्यावर. फरक कशाचा? जागा तेवढीच आहे, पण तेव्हा तीन बाजूंना माणसं उभी होती, आज सगळे बसतात. हे का बदललं, ते कळल्याशिवाय कुठलंही इंग्लिश मैदान कळत नाही.

लीचचे कठडे चांगले होते, पण किती माणसं आत सोडायची याचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं. १९४६मध्ये बोल्टनच्या बर्नडेन पार्कवर चेंगराचेंगरीत ३३ जण गेले. १९७१मध्ये पुन्हा आयब्रॉक्सवरच, बाहेर पडायच्या एका जिन्यावर ६६. त्यानंतर १९७५मध्ये मैदानांच्या सुरक्षेचा कायदा आला. ११ मे १९८५ला ब्रॅडफर्डच्या लाकडी स्टँडला आग लागली. तेही लीचच्याच काळातलं, त्यानेच आखलेलं. फळ्यांच्या फटींतून वर्षानुवर्षं खाली कचरा साचला होता. काही मिनिटांत सगळं पेटलं. मागची दारं बंद होती. ५६ जण गेले. पुढे मैदानाच्या बाजूला जाळी नव्हती म्हणून शेकडो लोक हिरवळीवर धावले आणि वाचले.

मैदानाकडची वाट मोकळी होती म्हणून माणसं वाचली, हा धडा ब्रॅडफर्डने देऊन चारच वर्षं झाली होती. १५ एप्रिल १९८९ला शेफील्डच्या हिल्सबरोवर लिव्हरपूलचे प्रेक्षक ज्या टेरेसवर होते तिथे समोर उंच पोलादी जाळ्या होत्या, प्रेक्षकांनी मैदानात घुसू नये म्हणून. बाहेरची गर्दी हलकी करायला पोलिसांनी एक मोठं फाटक उघडलं. आत आलेली माणसं समोर दिसणाऱ्या बोगद्यातून सरळ मधल्या कप्प्यांत गेली, जे आधीच भरले होते. बाजूच्या कप्प्यांत जागा होती. तिकडे वळवायला कुणी नव्हतं. ९७ जीव गेले, शेवटचा जखमी तर २०२१मध्ये गेला. आणि त्यानंतरची गोष्ट तितकीच वेदनेची. दोष प्रेक्षकांवर ढकलला गेला, ते दारू पिऊन होते, त्यांनीच फाटक तोडलं, अशी खोटी माहिती पसरवली गेली. घरच्यांनी सत्तावीस वर्षं झुंज दिली. २०१६मध्ये ज्यूरीने निकाल दिला: ही माणसं बेकायदा कृत्यामुळे मेली आणि त्यांच्या वागण्याचा यात काही दोष नव्हता. लेकरू सामना पाहायला पाठवलेल्या आईला हे ऐकायला सत्तावीस वर्षं लागावीत, हे मला कधीच पचलेलं नाही.

हिल्सबरोची चौकशी न्यायमूर्ती टेलर यांनी केली. जानेवारी १९९०च्या त्यांच्या अंतिम अहवालाने इंग्लिश मैदानांचं रूप पालटलं. जाळ्या गेल्या. वरच्या दोन स्तरांतल्या क्लबांना टेरेस काढून प्रत्येक प्रेक्षकाला खुर्ची द्यायला सांगितलं. सुरक्षितता आली, सोबत तिकिटांचे दरही चढले. टेलर यांनी दर वाढवा असं कुठेही म्हटलं नव्हतं. पण उभं राहायची स्वस्त जागा गेली आणि तिच्यासोबत रोजंदारीवरचा माणूस, शाळकरी पोरंही हळूहळू मैदानाबाहेर गेली. माझ्या मते हे नुकसान खरं आहे आणि ते बोलून दाखवल्याने हिल्सबरोच्या मृतांचा अवमान होत नाही. आता रेलिंग लावलेल्या खुर्च्यांसमोर उभं राहायला २०२२पासून काही मैदानांवर परवानगी मिळू लागली आहे. प्रत्येक ओळीपुढे स्वतंत्र कठडा, म्हणजे लीचचा बांध पुन्हा परतला आहे.

फुलम तेव्हा खालच्या स्तरांवर होतं म्हणून इथले टेरेस टिकले. क्लब २००१मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोहोचला आणि त्या मोसमात इंग्लंडच्या सर्वोच्च स्तरावर उभं राहून सामना पाहायची शेवटची जागा क्रेव्हन कॉटेज होती. मग दोन वर्षं क्लब लंडनमधल्याच दुसऱ्या एका क्लबच्या लॉफ्टस रोड मैदानावर पाहुणा म्हणून खेळला. मोठं नवं मैदान बांधायचे बेत आखले गेले, मोडले. प्रेक्षकांनी घरी परतायचा हट्ट धरला आणि २००४मध्ये दोन्ही टोकांना खुर्च्या बसवून क्लब परत आला.

याहून मोठं संकट १९८७मध्ये येऊन गेलं होतं. तेव्हाचे मालक जमिनीच्या व्यवहारातले. फुलम दुसऱ्या क्लबात विलीन करून नदीकाठच्या या मोलाच्या जागेवर घरं बांधायची, असा घाट होता. लोक रस्त्यावर उतरले. पगाराचा लढा जिंकलेला तोच जिमी हिल पुढे आला आणि क्लब वाचला. त्याच वर्षी लीचचं स्टँड आणि कॉटेज यांना संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. नदीकडच्या स्टँडच्या जागी आता काचेचं, छतावर पोहण्याचा तलाव असलेलं नवं स्टँड आलं आहे. समोरची विटांची भिंत मात्र कुणाला हलवता येणार नाही.

जायचं ठरवलंत तर थोडं व्यवहाराचं. तिकीट क्लबच्या संकेतस्थळावरूनच घ्या. फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं इंग्लंडमध्ये १९९४पासून गुन्हा आहे, त्यामुळे फाटकाबाहेर कुणी देऊ केलं तर घेऊ नका. पाहुण्या संघाचे समर्थक वेगळे बसवतात. यजमानांमध्ये बसून दुसऱ्या संघाचा टी-शर्ट घालू नका, सुरक्षारक्षक बाहेर काढतात. हिरवळ दिसत असेल तिथे दारू पिता येत नाही, हाही १९८५पासूनचा कायदा. मोठी बॅग नको. सामना नसेल त्या दिवशी मार्गदर्शकासह मैदान दाखवतात, कॉटेजच्या आतही नेतात, वेळा आधी पाहून घ्या. आणि अर्धा तास आधी पोहोचून स्टीव्हनेज रोडवरची फिरती फाटकं बघा. एका वेळी एकच माणूस आत जाईल एवढी अरुंद. आज ती माणसं मोजायचं काम करतात. त्या काळात ती पैसे चुकवणाऱ्याला अडवायला होती.

आमचा सामना बरोबरीत सुटला. शिटी वाजली तसे काका उठले नाहीत, घड्याळ बघत बसले. मी त्यांना आधी सांगितलं होतं की ब्रिटनच्या मैदान-सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत प्रेक्षकांना बसायच्या जागेवरून आठ मिनिटांत बाहेर पडता आलं पाहिजे असा दंडक आहे. लाकडी खुर्च्या एकामागून एक खटखट मिटत होत्या. कुणी ढकलत नव्हतं. एक आजोबा नातवाचा मफलर नीट करत जिन्यावर थांबले, तर मागची रांगही थांबली. आमची ओळ रिकामी झाली, मग वरची, मग कोपऱ्यातली.

"सात," काका म्हणाले, आणि मग उठले.